बेंबीखालचा व्रण

सर, तुम्ही मला कधी आवडला नाहीत, हे आधी लिहून टाकते. तुम्ही होता तेव्हा ते तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती, आणि आता सांगून तुमचं काही बिघडत नाही. तुमच्या मुलाचं पत्र आलंय. घरची मंडळी तुमच्यावर एक छोटी स्मरणिका काढतायत, जुन्या सहकाऱ्यांनी दोन-दोन पानं द्यावीत अशी त्याची इच्छा आहे, आणि माझ्याकडून त्याला नेमकं हवंय ते 'बाबांच्या हाताबद्दल'. रत्नागिरीत अजून तुमच्या हाताच्या गोष्टी सांगतात म्हणे. चार दिवस मी कोरा कागद पुढे घेऊन बसले आणि शेवटी हे लिहायला घेतलं, जे त्याला देता येणार नाही. कारण तुमच्या हाताबद्दल मला एक गोष्ट माहीत आहे, जी तुम्हाला माहीत नव्हती. फुरसं चावलेल्या त्या बाईच्या आतड्यात तुमची सळई घुसली, त्यात तुमच्या हाताचा दोष नव्हता. तो कुणाचा होता हे मला त्याच दिवसापासून ठाऊक आहे, आणि मी ते तुम्हाला सांगितलं नाही.

ऐंशी सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. मी मुंबईहून नवी कोरी पदवी घेऊन तुमच्या वीस खाटांच्या दवाखान्यात आले होते. कोकण रेल्वे अजून कागदावरच होती. मुंबईला जायचं तर एसटीत पूर्ण दिवस जायचा, कोल्हापूरला जायचं तर आंबा घाट चढायचा, आणि मूत्रपिंडं बंद पडलेल्या माणसाला यातलं काहीच झेपायचं नाही. म्हणून कुणाला फुरशासारखा विषारी साप चावून, कुणाला जुलाबांनी, कुणाला बाळंतपणात रक्त जाऊन लघवी बंद झाली की आसपासच्या गावांतून त्याला तुमच्याकडे आणत. रक्त धुणारं यंत्र तुमच्याकडे नव्हतं. तुमच्याकडे होती एक टोकदार पोलादी सळई, तिच्यावर बसणारी भोकाभोकांची ताठ प्लास्टिकची नळी, आणि काचेच्या बाटल्या. बेंबीखाली दोन बोटं सोडून कातडी बधिर करायची, तिला तीळभर छेद द्यायचा आणि सळई नळीसकट पोटात ढकलायची. आत गेल्याचं हाताला कळलं की सळई काढून घ्यायची आणि नळी ओटीपोटाकडे सरकवायची. मग कोमट केलेलं औषधी पाणी दोन-दोन लिटर आत सोडायचं, अर्धा तास ठेवायचं, बाटल्या जमिनीवर उतरवून परत काढून घ्यायचं. रक्तातली घाण पोटाच्या आतल्या पडद्यातून त्या पाण्यात उतरते. दोनेक दिवस हे चालू ठेवलं की माणसाची स्वतःची मूत्रपिंडं पुन्हा कामाला लागेपर्यंत वेळ मिळतो. हे सगळं आत काय आहे ते न बघता, निव्वळ हाताच्या भरवशावर. आणि तुमच्या हातून ते चुकत नसे, हे माझ्यासारखीलाही कबूल करावं लागतं.

मला तुम्ही ते शहाळ्यावर शिकवलंत. भाट्याहून तुमच्याकडे शहाळी यायची. त्यातलं एक तुम्ही दवाखान्याच्या मागच्या पडवीत ठेवायचात, वरचं सोडण कोयत्याने पातळ तासायचात आणि सळई माझ्या हातात द्यायचात. आधी कवटी, मग मलई. दोन वेळा हाताखालचा अडसर सुटतो, दुसऱ्यांदा सुटला की त्याच क्षणी थांबायचं, पुढे एक रेसभरही नाही. मी पहिल्यांदा जोर केला आणि सळई थेट पलीकडच्या मलईत रुतली, पाणी माझ्या साडीवर. तुम्ही घड्याळात बघितलंत. "मेला पेशंट. आता बाहेर त्याची बायको बसलीय, जा, तिला सांगून ये." मी हसले, तर तुम्ही खरोखरच मला बाहेरच्या बाकापर्यंत पाठवलंत. तिथे कुणी नव्हतं. रिकाम्या बाकासमोर मी उभी, आणि दारात तुम्ही हाताची घडी घालून. "बोल. मोठ्याने." मी काहीतरी पुटपुटले. मग ते फुटकं शहाळं तुम्ही मलाच प्यायला लावलंत. सिस्टर तोंडाला पदर लावून हसत होत्या. लोकांना या गोष्टी फार गोड वाटतात, स्मरणिकेत अशाच येतील. मला त्या शहाळ्याची चव आठवली तरी अजून अंगाचा तिळपापड होतो.

मुंबईत मी दुसरी रीत पाहिली होती. तिथे मोठ्या रुग्णालयात एक सर्जन बेंबीच्या बाजूला, मधली रेघ सोडून, लहानसा छेद घेत. थर थर बाजूला करत पडदा डोळ्यांना दिसला की तेवढाच उघडत आणि मऊ नळी बघून आत सोडत. वेळ लागायचा, दोन टाके जास्त पडायचे, पण आत काय आहे ते दिसायचं. तुमची सळई आत जाण्याआधी तुम्हीही काळजी घेत होता, ते मी नाकारत नाही. आधी बारीक सुईने पोटात पाणी भरायचात, म्हणजे आतडी तरंगून मागे सरतात आणि पोटाच्या भिंतीपाशी मोकळी जागा होते. पण एखाद्याचं पूर्वी ऑपरेशन झालेलं असलं, ते आतून पिकलेलं असलं, तर आतडं त्या जुन्या जखमेला आतल्या बाजूने चिकटून बसतं. ते तरंगत नाही, सरत नाही. म्हणूनच सळई उचलण्याआधी तुम्ही दर वेळी एकच प्रश्न विचारायचात, पोटाचं ऑपरेशन झालंय का पूर्वी? आणि तो विचारायचात नातेवाइकांना. पेशंट ग्लानीत असतो, त्याला काय विचारायचं, असं तुमचं म्हणणं. बाईमाणूस असली तर तिच्या सासूला.

ती संगमेश्वरच्या बाजूच्या एका वाडीतून आली होती. पावसाळा संपून गवत पिवळं पडलेलं, सड्यावर, कातळाच्या माळावर, गवत कापताना पायाला फुरसं चावलं. पहिला दीड दिवस अंगारे-धुपाऱ्यात गेला, मग इंजेक्शनं मिळाली, हिरड्यांतून येणारं रक्त थांबलं, पण लघवी थांबली ती थांबलीच. तुमच्याकडे आणली तेव्हा तोंड सुजलेलं, सारखी उचकी, मधूनच झापड. माझ्याच वयाची असेल. नवरा मुंबईला कामाला, बरोबर सासू. म्हातारी चांगली होती, उगाच तिला वाईट ठरवत नाही. सुनेच्या उशाशी बसून तिच्या तोंडात चमच्याने पाणी सोडत होती आणि मला सांगत होती, तीन पोरी आहेत, आता एक मुलगा होऊ दे म्हणून हेदवीच्या गणपतीला नवस बोललेय, तो फेडायला तरी ही वाचायला हवी.

तुम्ही ओपीडी संपवून येणार होता, तोवर मी तयारी करत होते. मूत्राशय रिकामं करायची नळी घातली, पोट साबणाने धुतलं. म्हातारी तांब्या भरून आणायला गेली होती. बेंबीच्या खालच्या घडीत, बाळंतपणाच्या पांढऱ्या रेघांमध्ये, बोटाच्या पेराएवढा एक व्रण दिसला. मध्येच ओढल्यासारखा, आत खेचलेला. मी त्यावर बोट ठेवलं आणि तिने माझं मनगट धरलं. इतकी ग्लानीत असलेली बाई इतकं घट्ट धरू शकते हे मला माहीत नव्हतं.

"डाक्टरीनबाय, कोनाला सांगू नका," ती म्हणाली. "तिसरीच्या टायमाला आयशीकडं गेल्ते, तवा आयशीनं कॅम्पात नेऊन करून घेतलान. घरात कोनाला म्हायती नाय. तीन आटवडे पू जात व्हता. सासूला कळला तर पोरींचा बापूस दुसरी करून आनील. माज्या पोरींची शपत हाय तुमाला."

म्हणजे मुलं न होण्याचं ऑपरेशन, ट्यूबेक्टॉमी. कागदावर नवऱ्याचा अंगठा कुणी उठवला कोण जाणे, कुटुंबनियोजनाच्या टार्गेटच्या त्या दिवसांत असले अंगठे कुणी तपासत नसे. तिकडे नवस चाललेला आणि इकडे हिच्या पोटात हा व्रण. आणि तीन आठवडे पू. मला लगेच कळलं की या पोटात मधल्या रेघेवर सळई घालायची नाही. मी तिला म्हटलं, "नाही सांगणार." तेवढ्यात म्हातारी तांब्या घेऊन आली. मी पोटावर टिंक्चर आयोडीन लावायला घेतलं. काळपट तपकिरी रंगाखाली तो व्रण दिसेनासा होतो. मी नीट दोनदा लावलं, जसं तुम्ही शिकवलं होतंत. मग वरून भोकाचं हिरवं कापड.

तुम्ही येता, हात धुता. सिस्टर, मावशी, मी आणि पायाशी म्हातारी. मी म्हणते, "सर, हिला बाजूने छेद घेऊन, बघून नळी घालूया का?" तुम्ही थांबता. "का?" मी म्हणते, जास्त सुरक्षित पडेल. एवढंच म्हणते. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघता आणि तुमचा आवाज चढतो, रागाने नाही, गंमतीने, आणि तुमची गंमत रागापेक्षा वाईट असायची. "अगो बाई, पोट म्हणजे काय टपाल आहे, उघडून बघायला?" सिस्टर हसतात. तुम्हाला तेवढं पुरत नाही. "भात शिजला की नाही ते झाकण काढून काढून बघते, ती कसली सुगरण गो? लग्न झालं की सासू हाकलून देईल तुला." मावशी हसते. पायाशी बसलेली म्हातारी, जिची सून मरायला टेकलेली, तीसुद्धा तोंडावर हात धरून हसते. माझे कान तापतात. मग तुम्ही म्हातारीकडे वळता आणि नेहमीचा प्रश्न विचारता. "नाय वो डाक्टर," म्हातारी म्हणते, "कसला आपरेशन! बालातपना सगली घरात झाली, शेवटचा तेवडा आयशीकडं." तुम्ही माझ्याकडे बघता. तुम्ही बघितलंत, सर, हे मी आजही शपथेवर सांगेन. पोट मी धुतलं होतं, काही असलं तर मी सांगणार होते, तो माझा हक्क आणि माझं काम होतं. मी ब्लेड उचललं आणि तुमच्या पुढे केलं.

पाणी भरताना ती बाई एकदा कण्हली. मग छेद. तुम्ही तिला म्हणालात, "मान उचल, पोट घट्ट कर," आणि तिने उचलली. सळई गेली. तुमचं मनगट दोनदा थांबलेलं मी पाहिलं, अगदी शहाळ्यात थांबायचं तसं. याहून सफाईदार काम मी तुमच्या हातून पाहिलं नव्हतं. सळई काढली, नळी सरकवली, पाणी बाहेर सोडलं. आधी स्वच्छ आलं. मग गढूळ, पिवळट, आणि वास. तुम्ही नळी बोटांनी दाबून धरलीत आणि तसेच उभे राहिलात.

गावातल्या सर्जनला बोलावलं. त्याने तिची अवस्था बघून मान हलवली, टेबलावरच जाईल म्हणाला. तुम्ही औषधं सुरू केलीत. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं पोट फळीसारखं झालं होतं. तुम्ही म्हातारीला बाकावर बसवलंत, स्वतः तिच्यासमोर उभे राहिलात आणि मोठ्याने म्हणालात, "म्हातारे, माझ्या हातून तिचं आतडं फुटलं. ती वाचणार नाही." पडवीतल्या सगळ्यांनी ऐकलं. माझ्याइतका तुमचा तिटकारा केलेल्या माणसाला सुद्धा तेव्हा तुमच्याबद्दल काही वाटल्याशिवाय राहिलं नसतं. मला वाटलं, आणि त्याने मी आणखीच चिडले. म्हातारी रडली, मग डोळे पुसून तिनेच तुमची समजूत काढली. "तुमी कशाला जिवाला लावून घेता डाक्टर? तिला फुरशान मारलान." मरायचं तर घरी मरू दे म्हणून त्यांनी जीप ठरवली आणि तिला घेऊन गेले. ती वाटेत गेली की वाडीवर पोचून, ते आपल्याला कधी कळलं नाही. पोट कुणी उघडून बघितलं नाही, त्यामुळे आत काय चिकटलं होतं हेही कुणाला कळलं नाही. तिचं गुपित तिच्याबरोबर जळलं. तिच्याशी मी दिलेला शब्द पाळला, असं मी स्वतःला सांगितलं.

त्यानंतर तुम्ही जे केलंत, ते मी तुम्हाला माफ करू शकत नाही. सळया आणि नळ्यांचा डबा कपाटात टाकून तुम्ही कुलूप लावलंत. या दवाखान्यात आता कुणाच्या पोटात सुई जाणार नाही, म्हणालात. मोठा त्याग केल्यासारखं. मग एक खलाशी आला, जुलाबांनी सुकून लघवी बंद पडलेला, तरणाबांड, पोटावर एक ओरखडा नाही. त्याला तुमच्या सळईने वाचवणं तुम्हाला डाव्या हाताचं काम होतं. मी म्हटलं, तुम्ही करा. तुम्ही नाही म्हणालात. मी म्हटलं, मग मला करू द्या. तुम्ही म्हणालात, "माझ्या हाताला जे जमलं नाही, ते तुझ्या हाताला जमणार?" त्याला कोल्हापूरला पाठवलंत आणि तो घाटातच गेला. त्याच्यानंतर आणखी किती जणांना असंच पाठवलंत ते मी बघायला थांबले नाही. मी भांडून मुंबईला निघून आले. सगळ्यांना सांगत सुटले की एका अपयशाने हा माणूस इतका खचला की स्वतःच्या अपराधी भावनेपुढे त्याला पेशंटचे जीव दिसेनात. ते खोटं नव्हतं. फक्त मी एका वाक्याने तुमचं ते कुलूप उघडू शकले असते, हे मी कुणाला सांगितलं नाही.

तुमच्या शेवटच्या वर्षी मी भेटायला आले होते. तुम्ही खुर्चीत, पायांवर शाल. वहिनींनी कोकमाचं सरबत दिलं. तुम्ही इकडचं तिकडचं विचारलंत, मी आता किती नळ्या घालते, कशा घालते. बाजूने छेद घेऊन, बघून, म्हटलं. तुम्ही मान डोलावलीत. टोमणा मारला नाहीत, आणि मला तोच हवा होता. मग वहिनी आत गेल्यावर तुम्ही उजवा हात मांडीवर पालथा ठेवलात. "त्या दिवशी दोन्ही वेळा नीट कळलं होतं गो. मी थांबलो होतो. मग गेली कशी?" इतक्या वर्षांनी. कुठला दिवस ते सांगायची तुम्हाला गरज वाटली नाही, आणि मलाही विचारायची गरज पडली नाही. मी सरबताचा पेला तोंडाला लावला आणि म्हणाले, "होतं असं कधी कधी, सर." तुम्ही म्हणालात, "हो. होतं." पावसाळ्याआधी तुम्ही गेलात.

माझ्या वॉर्डात आज एक नियम आहे. पोटात नळी घालण्याआधी नातेवाइकांना बाहेर काढायचं, दार लावायचं आणि पेशंटला एकट्याला विचारायचं, उत्तर काही येवो, बेंबीची घडी उलगडून बघायची. माझ्या हाताखाली शिकलेली मुलं हा नियम बाहेरगावीही घेऊन गेली. तो कुठून आला असं कुणी विचारलं की मी सांगते, एका बाईने मला शपथ घातली होती म्हणून. ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. दोन बायकांमधलं गुपित, सासूच्या देखत ते फोडायचं कसं, त्या कोवळ्या डॉक्टरीणबाईची केवढी कोंडी. मीही त्यावर इतकी वर्षं निभावून नेलं.

पण कोंडी नव्हती, सर. तुमच्यापाशी तरी खोटं बोलून काय मिळवायचंय. त्या खाटेभोवती आपण दोघं काय बोलत होतो? तिचा युरिया किती, पोटॅशियम किती, ती वाचेल का, सगळं इंग्रजीत. पेशंटच्या डोक्यावरून आपण आयुष्यभर तेच करत आलो. म्हातारीला इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं. तुम्ही विचारलंत, तिने नाही म्हटलं, तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी 'ट्यूबेक्टॉमी' एवढा एक शब्द बोलले असते, तर तुम्ही सळई खाली ठेवली असतीत. बाईचं गुपितही राहिलं असतं आणि बाईही राहिली असती. तो शब्द माझ्या तोंडात आला होता. पण तुम्ही नुकतेच हसला होता, आणि सगळ्यांना हसवलं होतंत. माझे कान अजून तापलेले होते. मला एकदा, फक्त एकदा, तुमचा हात चुकलेला बघायचा होता.